भरतीच्या सरावात मुले का कोसळतात? अकॅडमीच्या सरांना आणि घरच्यांना माहीत असायलाच हव्यात अशा गोष्टी

पुणे-सोलापूर महामार्गावर कासुर्डी ते यवत या पट्ट्यात पहाटे पाचच्या सुमारास कधी गेलात, तर सर्व्हिस रोडला आणि कालव्याच्या भरावावर पळणारी मुले-मुली दिसतील. बहुतेक जण पोलीस भरतीची तयारी करत असतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली आणि ही गर्दी आणखी वाढली. आमच्या भागाला तर या नोकरीची ओढ जुनीच आहे. राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट दौंडमध्ये आहेत, पोलीस प्रशिक्षण केंद्र नानवीजला आहे. वर्दी घातलेला कोणी ना कोणी प्रत्येक मुलाने जवळून पाहिलेला असतो.

याच मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात. "डॉक्टर, पोरगं पळताना चक्कर येऊन पडलं, काही काळजीचं नाही ना?" "सरांनी एक पावडर सांगितलीय, देऊ का?" "पोरीच्या पायाची नडगी महिनाभर दुखतेय, पण ग्राउंड बंद केलं तर मागं पडेल म्हणते." या प्रश्नांची उत्तरे एकत्र देण्यासाठी हा लेख आहे. त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्टपणे मांडायची आहे. सरावात किंवा मैदानी चाचणीत होणारे बरेच मृत्यू टाळता येतात, आणि ते टाळण्याची सर्वात मोठी संधी मैदानावर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाकडे असते. मूल रुग्णालयात पोहोचेपर्यंत बऱ्याचदा ती वेळ निघून गेलेली असते.

आधी घडलेल्या गोष्टी पाहू

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी किमान चार तरुणांचा मृत्यू झाला. तेव्हा पुरुष उमेदवारांना ५ किलोमीटर धावावे लागत होते. पुढे अंतर कमी झाले. आज पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक अशी ५० गुणांची चाचणी असते. राज्य राखीव पोलीस दलासाठी मात्र ५ किलोमीटर कायम आहे.

२०२४ मध्ये १७,४७१ पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. मैदानी चाचणी १९ जूनपासून, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली. जूनअखेरीस नवी मुंबई भागात राखीव दलाच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि आणखी काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान किमान ११ उमेदवार दगावले. सरकारला चाचणी काही दिवस थांबवावी लागली.

प्रत्येक वेळी चर्चा एकाच दिशेने जाते: अंतर जास्त होते, ऊन होते, पाण्याची सोय नव्हती. हे मुद्दे खरे आहेत. पण धडधाकट, तयारी झालेला तरुण ५ किलोमीटर धावल्याने मरत नाही. धोका तयार होतो तो चार गोष्टी एकत्र आल्यावर: अपुरी किंवा घाईची तयारी, गरम-दमट हवा, लपवलेला आजार किंवा घेतलेले औषध, आणि कोसळल्यानंतर वाया गेलेली मिनिटे. यातल्या पहिल्या तीन गोष्टी चाचणीच्या दिवसाच्या कितीतरी आधी, गावातल्या ग्राउंडवर ठरतात. चौथी गोष्ट तर सरावातही रोज लागू असते.

भरतीची रचनाही मुलांवर दबाव आणते. मैदानी चाचणी आधी होते. त्यात निम्मे गुण मिळाले तरच पुढचा विचार, आणि एका पदामागे दहा जणांनाच लेखी परीक्षेला बोलावले जाते. त्यामुळे दोन-चार सेकंदांना जीव टांगणीला लागतो. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून अनेक जण जाहिरात आल्यावरच जोमाने पळायला लागतात. वयाची मर्यादा जवळ आलेला मुलगा तर अंगात ताप असतानाही थांबत नाही. अशा मुलाला "आज नाही" म्हणू शकेल असा एकच माणूस असतो, तो म्हणजे त्याचे सर. म्हणून सरांना शरीराची मूलभूत माहिती असणे ही चैन नाही, गरज आहे.

पळताना शरीरात काय होते?

स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच प्रत्यक्ष हालचालीसाठी वापरला जातो. बाकीची उष्णता होते. म्हणजे जोरात पळणारे शरीर हे पेटलेल्या चुलीसारखे असते. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम. पण घाम नुसता गळून उपयोग नसतो, तो त्वचेवरून वाळला पाहिजे. हवेत दमटपणा असेल, अंगात जाड ट्रॅकसूट किंवा प्लास्टिकचे जॅकेट असेल, तर घाम वाळत नाही आणि आतले तापमान चढत जाते. म्हणूनच ढगाळ, कुंद दिवशीही उष्माघात होऊ शकतो. "आज ऊन नाही" एवढ्यावर निर्धास्त राहू नका. "घाम जास्त म्हणजे चरबी जास्त जळते" हाही गैरसमज आहे. जॅकेट घालून पळल्याने कमी होते ते पाणी, चरबी नाही.

गरम हवेत पळायची सवय शरीराला हळूहळू लागते. त्याला १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातील पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. त्यामुळे नवीन आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात जुन्या मुलांबरोबर पूर्ण जोराने पळवणे धोक्याचे. मोठ्या सुट्टीनंतर, आजारपणानंतर किंवा थंडीतून एकदम उन्हाळ्यात येतानाही हेच लागू होते.

दुसरी गोष्ट दमाची. १०० मीटर ही स्नायूंत आधीच साठलेल्या ऊर्जेवर मारलेली झेप असते. पण १६०० मीटर पळायला पाच-सहा मिनिटे लागतात आणि त्यातली साधारण चार पंचमांश ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने तयार होते. ५ किलोमीटरमध्ये हे प्रमाण आणखी जास्त. हा दम रोज घड्याळ लावून जिवाच्या आकांताने पळून वाढत नाही. तो वाढतो मुख्यतः संथ, लांब पळण्याने. ओळखण्याची सोपी खूण अशी: पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. आठवड्यातले बहुतेक दिवस असे सावकाश पळणे, दोन दिवस वेगाचा सराव (तेही लागोपाठ नाही), आणि एक दिवस पूर्ण विश्रांती ही सर्वसाधारण मुलासाठी चांगली मांडणी आहे. स्नायू आणि हाडे मजबूत होतात ती विश्रांतीत, पळताना नाही. रात्रीची सात-आठ तास झोप हाही सरावाचाच भाग समजा.

मूल कोसळले तर: पहिली दहा मिनिटे

मागे एका उन्हाळ्यात एका मुलाला दोघांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून माझ्याकडे आणले. सकाळी नऊनंतर पळताना तो बरळायला लागला होता आणि मग खाली पडला. सोबतच्यांनी आधी त्याला झाडाखाली झोपवले, थंडी वाजेल म्हणून अंगावर जॅकेट टाकले, कांदा हुंगवला, मग गाडी शोधली. यात जवळजवळ अर्धा तास गेला. मुलगा वाचला, पण काही दिवस रुग्णालयात काढून. ग्राउंडपासून पन्नास पावलांवर मोटारीचे गार पाणी हौदात पडत होते. त्या अर्ध्या तासात तोच सर्वात मोठा उपचार होता.

*श्रमामुळे होणारा उष्माघात.* पळणारे मूल अडखळायला लागले, असंबद्ध बोलू लागले, चिडले, कुठे आहे ते कळेना झाले किंवा बेशुद्ध पडले, आणि अंग तापलेले असेल, तर उष्माघात समजूनच चाला. लक्षात ठेवा, अशा उष्माघातात अंग बहुतेक वेळा घामाने भिजलेले असते. "घाम आहे म्हणजे उष्माघात नाही" हे चूक आहे. काखेत लावलेला थर्मामीटरही अशा वेळी फसवा कमी आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नका.

करायचे ते असे:

१. एकाने लगेच १०८ ला फोन करावा. बाकीच्यांनी गाडीची वाट न पाहता थंड करायला सुरुवात करावी.
२. बूट आणि जास्तीचे कपडे काढा. मुलाला गार पाण्याच्या हौदात, टाकीत किंवा मोठ्या टबमध्ये गळ्यापर्यंत बसवा. एकाने मागून काखेत हात घालून डोके पाण्यावर घट्ट धरून ठेवावे. बर्फ असेल तर पाण्यात टाका.
३. हौद नसेल तर पाइपने किंवा बादल्यांनी सतत पाणी ओता, ओले टॉवेल अंगावर टाकून दर मिनिटा-दोन मिनिटांनी बदला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा, जोरात वारा घाला.
४. मूल नीट शुद्धीवर येईपर्यंत किंवा हुडहुडी भरेपर्यंत थांबू नका. साधारण १० ते १५ मिनिटे लागतात. नंतर रुग्णालयात न्याच. बरे वाटले तरी न्या, कारण मूत्रपिंड आणि यकृतावर झालेला परिणाम नंतर दिसतो.
५. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप जंतुसंसर्गाचा नसल्याने ती गोळी इथे काम करत नाही.

"तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी घातले तर झटका बसतो" अशी भीती आपल्याकडे फार आहे. अमेरिकेत फाल्मथ इथे दर उन्हाळ्यात एक मोठी धावण्याची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर बर्फाच्या पाण्यात बुडवून उपचार झाले आणि त्यातला एकही दगावला नाही. जगभरातील क्रीडावैद्यक सांगते ते हेच: आधी थंड करा, मग हलवा. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आले तर जीव वाचण्याची शक्यता फारच चांगली असते.

*हृदय बंद पडणे.* पळता पळता मूल धाडकन कोसळले, हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नाही, आणि श्वास चालू नाही किंवा मधूनच आचके दिल्यासारखा आहे, तर हृदय बंद पडले आहे असे समजा. आचके म्हणजे श्वास नव्हे. सुरुवातीला हात-पाय झटकल्यासारखे हलतात, त्यामुळे लोकांना फिट वाटते आणि मौल्यवान मिनिटे कांदा, चप्पल हुंगवण्यात जातात.

मुलाला कडक जमिनीवर उताणे झोपवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण दोन इंच खोल दाबा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलात तर दर दोन मिनिटांनी माणूस बदला. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. काहीच केले नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. १२ जून २०२१ रोजी डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन भर सामन्यात कोसळला. मैदानावरच छाती दाबायला सुरुवात झाली, विजेचा झटका देणारे यंत्र जवळ होते, आणि पुढच्या फेब्रुवारीत तो पुन्हा व्यावसायिक सामना खेळला. आपल्या ग्राउंडवर ते यंत्र नसेल, पण दोन हात आहेत. ते कसे वापरायचे हे शिकायला एक दुपार पुरते.

सराव सुरू करण्यापूर्वी तपासणी

तरुण वयात पळताना हृदय बंद पडण्यामागे बहुतेक वेळा जन्मजात दोष असतो: हृदयाचा स्नायू जाड असणे, हृदयाच्या रक्तवाहिनीचा मार्ग चुकीचा असणे, हृदयाच्या विजेच्या प्रवाहातील बिघाड. यातले काही आधी इशारा देतात. म्हणून प्रत्येक मुलाला हे विचारा:

- पळताना किंवा पळाल्यावर लगेच कधी शुद्ध हरपली आहे का?
- पळताना छातीत दुखते, दाबल्यासारखे होते, धडधड अनियमित होते का?
- बरोबरीच्या मुलांपेक्षा फारच लवकर दम लागतो का?
- घरात ५० वर्षांच्या आत कोणाचा अचानक मृत्यू झाला आहे का?
- दमा, फिट, रक्तदाब, सिकलसेल असे काही आहे का?

एकाही प्रश्नाला "हो" असेल तर डॉक्टरांना दाखवून, ईसीजी आणि गरज पडल्यास इको करूनच पुढे जावे. पळता पळता, भर वेगात आलेली चक्कर आणि पळून एकदम थांबल्यावर आलेली चक्कर यांत फरक आहे. दुसरी बऱ्याचदा पायात रक्त साठल्याने येते आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटे चालत राहिल्याने टळते. पहिली मात्र गंभीर समजा. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सगळेच दोष नाकारले गेले असे नाही, म्हणून लक्षणे असतील तर ती डॉक्टरांना सविस्तर सांगा.

नंदुरबार, गडचिरोली किंवा विदर्भातल्या इतर भागांतून तयारीसाठी इकडे राहायला आलेल्या मुलांनी सिकलसेलची तपासणी जरूर करून घ्यावी. वाहक असलेले मूल धावू शकते, पण त्याला वेग हळूहळू वाढवणे, पुरेसे पाणी पिणे आणि मध्ये थांबायची मुभा लागते. हे सरांना माहीत असले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिन तपासाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असताना ८०० मीटरची वेळ सुधारत नाही तेव्हा दोष मेहनतीत नसतो. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर उपचार घ्या. जेवणानंतर लगेच चहा पिणे टाळा, चहामुळे लोह शोषले जात नाही. पाळी सलग तीन महिने चुकली तर खाणे कमी आणि श्रम जास्त होत आहेत का ते तपासायला हवे. लाजून गप्प बसू नका.

ताप, अंगदुखी, जुलाब असताना पळू नका. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्या काळात जोराचे श्रम जिवावर बेतू शकतात. ताप गेल्यावरही काही दिवस थांबा, मग हलक्या पळण्याने सुरुवात करा. छातीत दुखणे किंवा धडधड असेल तर आधी डॉक्टर.

पाणी आणि आहार

सरावाला येतानाच पोटात पाणी हवे. लघवी फिकट पिवळी असेल तर शरीरात पाणी पुरेसे आहे. गडद असेल तर कमी आहे. "पळताना पाणी प्यायचे नाही, दम तुटतो" हा जुना नियम सोडून द्या. उलट टोकही नको. तहान नसताना लिटरच्या लिटर साधे पाणी ढोसल्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पाऊण-एक तासापर्यंतच्या सरावाला साधे पाणी पुरते. त्याहून जास्त, किंवा घाम फार येत असेल तर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, मीठ घातलेले ताक किंवा ओआरएस चालेल. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने साखरेच्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यावर बंदी घातली आहे. त्यामुळे दुकानातला रंगीत डबा न घेता औषधाच्या दुकानातून खरे ओआरएस घ्या.

आहाराबद्दल पालकांच्या मनात सर्वात मोठा प्रश्न पावडरीचा असतो. रोज सराव करणाऱ्या मुलाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलोच्या मुलासाठी हे ७० ते ९५ ग्रॅम होतात. घरच्या ताटात ते असे बसते: तीन अंडी (१८ ग्रॅम), अर्धा लिटर दूध (सुमारे १६), मूठभर शेंगदाणे आणि फुटाणे (सुमारे १५), दोन वेळची डाळ-उसळ (सुमारे २०), आणि भाकरी-चपातीतून मिळणारी (सुमारे २०). अंडी खात नसाल तर सोयाबीन वडी, पनीर, दही वाढवा. सोयाबीन वडी ही सर्वात स्वस्त प्रथिनांपैकी एक आहे. दरमहा हजारो रुपयांचा डबा घेण्यासाठी कर्ज काढायची काहीही गरज नाही.

भाकरी, भात, चपाती बंद करून फक्त अंड्यांवर पळणे ही दुसरी चूक. पळण्याचे मुख्य इंधन पिष्टमय पदार्थ आहे. सराव सुरू करण्यापूर्वी तासभर आधी एक-दोन केळी किंवा गुळाचा खडा आणि थोडे पाणी पुरे. उपाशीपोटी वेगाचा सराव नको. सराव संपल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता करा. पोहे, उपमा, भाकरी-उसळ, काहीही चालेल, सोबत दूध किंवा अंडी असावीत.

इंजेक्शन आणि गोळ्या: इथे तडजोड नाही

२०२३ च्या भरतीत राज्यात काही ठिकाणी मैदानाच्या आसपास उत्तेजक इंजेक्शने सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. पुणे परिसरात मेफेन्टरमिन या औषधाच्या बेकायदा विक्रीचे गुन्हे गेल्या काही वर्षांत वारंवार दाखल झाले आहेत. हे औषध आम्ही डॉक्टर भूल दिल्यानंतर उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरतो, तेही रुग्ण मॉनिटरवर असताना. निरोगी मुलाने ते टोचून घेतले की रक्तदाब आणि ठोके एकदम चढतात, थकवा जाणवत नाही आणि शरीराने दिलेला "थांब" हा इशाराच ऐकू येत नाही. त्यात गरम हवा आणि जोराची धाव आली की हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू ओढवू शकतो. सवय लागली तर संशय, भास असे मानसिक त्रासही होतात. एकच सुई तिघांनी वापरली तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

वेदनाशामक गोळी खाऊन पळणेही घातक आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला इजा करू शकतात, आणि वेदना झाकल्याने हाडाची बारीक चीर पूर्ण मोडू शकते. नडगीचे दुखणे पूर्ण भागात पसरलेले असेल आणि विश्रांतीने कमी होत असेल तर सहसा स्नायू-हाडाची सूज असते. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते. पळणे थांबवा आणि दाखवून घ्या. डांबरी रस्त्याऐवजी मातीवर पळा आणि अंतर आठवड्यागणिक थोडे थोडेच वाढवा.

शिक्षा म्हणून शेकडो बैठका किंवा पुशअप काढायला लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. अशा अचानक अतिश्रमाने स्नायू तुटून त्यातील द्रव्य मूत्रपिंडात अडकते. दुसऱ्या दिवशी अंग प्रचंड दुखत असेल आणि लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

अकॅडमीत मुलाला घालण्यापूर्वी हे विचारा

फी आणि निकालाची यादी सगळेच विचारतात. त्याबरोबर हेही विचारा:

१. सरांनी छाती दाबण्याचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का?
२. ग्राउंडजवळ मूल बुडवता येईल असा पाण्याचा हौद किंवा टाकी आहे का? बर्फ कुठून आणणार?
३. जवळचे रुग्णालय कोणते, तिथे कोण नेणार, १०८ ला फोन कोण करणार, हे ठरले आहे का?
४. उन्हाळ्यात सराव किती वाजता संपतो? सकाळी आठच्या आत संपायला हवा.
५. नवीन मुलांना पहिले दोन आठवडे वेगळे, हलके पळवतात का?
६. आजारी मुलाला सुट्टी मिळते की शिक्षा?
७. पावडर, गोळ्या, इंजेक्शन अकॅडमीतून कोणी देते का? "हो" असेल तर तिथून उठा.

हे प्रश्न विचारणे म्हणजे सरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. आमच्या भागातले अनेक सर स्वतः भरतीतून गेलेले आहेत. पोरांसाठी पहाटे चारला उठतात, गरीब मुलाची फी माफ करतात. पण ते स्वतः ज्या पद्धतीने घडले तीच पुढे चालवतात, आणि तेव्हा कोणी त्यांना उष्माघात म्हणजे काय हे शिकवलेले नव्हते. ग्रामपंचायतीने पुढाकार घेऊन जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून वर्षातून एकदा गावातल्या प्रशिक्षकांना हे शिकवून घेतले, तर खर्च जवळजवळ शून्य आहे. सरकारनेही पावसाळ्याच्या तोंडावर किंवा भर उन्हात चाचणी घेण्याऐवजी थंडीचे महिने निवडावेत, आणि जाहिरात ते मैदान यांत तयारीला पुरेसे महिने द्यावेत. ही मागणी डॉक्टर म्हणून मला रास्त वाटते.

तोपर्यंत घरच्यांनी एवढे करावे. उद्या सकाळी मूल ग्राउंडवरून आले की त्याला विचारा: आज किती पळालास, पाणी प्यालास का, पळताना छातीत किंवा डोक्यात काही झाले का? उत्तर टाळत असेल तर रागावू नका. शेजारी बसा आणि पुन्हा विचारा. मुले नापास होण्याच्या भीतीने लक्षणे लपवतात. भरती पुढच्या वर्षीही येईल, हे त्याला घरच्यांच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. पळताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, गडद लघवी किंवा एकाच जागी सतत दुखणारे हाड यांपैकी काही असल्यास सराव थांबवून आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा.*